डोस लिहिण्याआधी पान उघड

ऑन्कॉलॉजीत नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट सांगत आले आहे: केमोचा डोस तोंडपाठ असला तरी तो पान उघडूनच लिहायचा. आपल्याकडे पाठांतराचं फार कौतुक. राउंडला सरांनी विचारलं आणि कुणी धडाधड आकडे सांगितले की सगळे माना डोलावतात. पण परीक्षेत आकडा चुकला तर मार्क जातात. ऑर्डर शीटवर चुकला तर माणूस जातो. बऱ्याच औषधांत गुण देणारी मात्रा आणि अपाय करणारी मात्रा यांच्यात ऐसपैस अंतर असतं. केमोत ते अंतर चिंचोळं असतं.

१९९४ साली बोस्टनच्या एका नामवंत कर्करोग संस्थेत बेट्सी लेहमन या पत्रकार महिला उपचार घेत होत्या. सायक्लोफॉस्फामाइडचा चार दिवसांत मिळून द्यायचा डोस त्यांना चारही दिवस रोज दिला गेला. म्हणजे चौपट. त्या गेल्या. औषध योग्य होतं, संस्था जगातल्या पहिल्या रांगेतली होती. कागदावरचा आकडा ‘एकूण’ आहे की ‘रोजचा’, एवढं नीट वाचलं गेलं नाही आणि डॉक्टर, फार्मासिस्ट, सिस्टर अशा सगळ्यांच्या हातांतून तो तसाच पुढे सरकला.

म्हणून हे कानमंत्र. काही मला माझ्या वरिष्ठांनी दिले, काही कामातून उमगले. आता ते तुझ्या हवाली करते.

कोणतं पुस्तक कशासाठी, हे आधी समजून घे

डिव्हिटा, हेलमन आणि रोझेनबर्ग यांचा जाडजूड ग्रंथ पहिल्यांदा १९८२ साली आला आणि तेव्हापासून आपल्या विषयाचा पाया मानला जातो. तो सकाळी, निवांत, वही घेऊन वाचायचा. आजार कसा पसरतो, कुठल्या टप्प्यावर शस्त्रक्रिया आणि कुठल्या टप्प्यावर केमो, कोणत्या चाचणीतून हे ठरलं, ते त्यात मिळतं. रात्री अकरा वाजता डोस शोधायला तो उघडू नकोस. हाती लागेल तो तक्ता कुठल्या रुग्णांसाठी आहे हे घाईत कळणार नाही.

औषध शरीरात काय करतं, यासाठी गुडमन आणि गिलमन. तुझ्या एमबीबीएसच्या दिवसांतला हा ग्रंथ माळ्यावर टाकू नकोस. १९४१ साली तो पहिल्यांदा छापला गेला आणि पुढच्याच वर्षी याच दोघा लेखकांनी येल विद्यापीठात नायट्रोजन मस्टर्ड लिम्फोमाच्या रुग्णाला देऊन पाहण्याच्या कामात पुढाकार घेतला. आधुनिक केमोची सुरुवात तिथून धरतात. ज्यांनी औषधांचं शास्त्र पानावर नीट मांडलं त्यांनीच हे पहिलं पाऊल टाकलं, याचा मला आपल्या शाखेविषयी अभिमान वाटतो.

रोजच्या कामाला एप्रनच्या खिशात किंवा टेबलावर हवं ते औषधवार पुस्तक. चू आणि डिव्हिटा यांचं ड्रग मॅन्युअल घे. प्रत्येक औषध अक्षरानुक्रमे, आणि प्रत्येकाची मांडणी एकसारखी: काम कसं करतं, शरीरातून बाहेर कसं पडतं, कशाशी भांडतं, काय जपायचं, काय अपाय होतात. स्कील यांचं हँडबुक आणि बेथेस्डा हँडबुक आजारवार आहेत; वॉर्डात ती जास्त उपयोगी. औषध कशात मिसळायचं आणि कशाबरोबर एका नळीतून सोडायचं नाही, यासाठी ट्रिसेल यांचं इंजेक्शनच्या औषधांचं पुस्तक. ते फार्मसीत असतं, आणि तिथे जाऊन ते मागण्यात कमीपणा नाही.

या सगळ्यांच्या वर तुझ्या रुग्णालयाचा स्वतःचा लेखी प्रोटोकॉल. आपल्या देशासाठी नॅशनल कॅन्सर ग्रिडची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. २०१२ साली उभ्या राहिलेल्या या जाळ्यात देशभरातली रुग्णालयं आहेत आणि आपल्याकडच्या रुग्णाला काय झेपेल, कशाचा खर्च परवडेल, याचा विचार त्यात केलेला असतो. पुस्तक आणि प्रोटोकॉल यांच्यात फरक दिसला तर मनानेच एक निवडू नकोस. फरक का आहे ते वरिष्ठांना विचार.

आवृत्ती बघ, मग आकडा बघ

पुस्तक हातात घेतलं की आधी आतलं पान उलटून साल बघायचं. अप्पा बळवंत चौकातून स्वस्तात आणलेली जुनी आवृत्ती औषध काम कसं करतं हे शिकायला उत्तम. ते ज्ञान सहसा शिळं होत नाही. डोस मात्र बदलतात.

कार्बोप्लॅटिनचं उदाहरण मनात कोरून ठेव. त्याचा डोस मूत्रपिंडाच्या क्षमतेवर ठरतो. १९८९ साली कॅल्व्हर्ट यांनी दिलेलं सूत्र सोपं आहे: जीएफआरमध्ये २५ मिळवायचे आणि हव्या त्या एयूसीने गुणायचं. मधल्या काळात प्रयोगशाळांची क्रिएटिनिन मोजण्याची पद्धत बदलली. नव्या पद्धतीत आकडा थोडा कमी येऊ लागला, म्हणजे मूत्रपिंड आहे त्याहून तगडं भासू लागलं. म्हणून २०१० साली अमेरिकेच्या एफडीएने सांगितलं की अंदाजाने काढलेला जीएफआर १२५ च्या वर धरू नका. एयूसी ५ साठी कमाल डोस त्यामुळे ७५० मिलिग्रॅमवर थांबतो. त्याआधी छापलेल्या पुस्तकात सूत्र आहे, ही मर्यादा नाही.

आपल्याकडे तर धोका आणखी वेगळा. समज, ४५ वर्षांची, ४० किलो वजनाची बाई आहे. अंगावर मांस नाही म्हणून क्रिएटिनिन ०.४ आलंय. कॉकक्रॉफ्ट-गॉल्टने जीएफआर काढला तर ११२ च्या आसपास येतो, आणि एयूसी ५ साठी डोस होतो ६८५ मिलिग्रॅम. तिचं मूत्रपिंड खरोखर इतकं धडधाकट नाही. स्नायूच कमी, म्हणून क्रिएटिनिन कमी. अनेक केंद्रांत अशा वेळी ०.७ किंवा ०.८ च्या खालचा आकडा धरत नाहीत. ०.७ धरलं तर जीएफआर ६४ आणि डोस ४४५. एकच बाई, एकच सूत्र, आणि दोन उत्तरांत २४० मिलिग्रॅमचा फरक. तुझ्या विभागाचा नियम काय आहे ते आजच विचारून प्रोटोकॉलच्या पानावर पेन्सिलने लिहून ठेव.

आणि एक. हॉस्टेलमध्ये पिढ्यान् पिढ्या फिरणाऱ्या झेरॉक्स प्रतीवरून डोस कधीही घेऊ नकोस. झेरॉक्सच्या झेरॉक्समध्ये सगळ्यात आधी उडतं ते दशांशचिन्ह.

डोसची ओळ सगळ्यात शेवटी वाच

पान उघडलं की डोळा थेट आकड्यावर जातो. त्याला आवर. आधी औषध कुठल्या मार्गाने द्यायचं ते वाच, मग कशात मिसळायचं, मग मूत्रपिंड आणि यकृताची अट, मग इतर औषधांशी वैर, मग आयुष्यभराची कमाल मर्यादा. डोस शेवटी.

व्हिन्क्रिस्टीन घे. चौरस मीटरला १.४ मिलिग्रॅम, आणि बऱ्याच प्रोटोकॉलमध्ये एका वेळी २ मिलिग्रॅमची कमाल मर्यादा. डोस अचूक काढलास आणि मार्ग चुकला तर त्या अचूकतेला काडीची किंमत नाही. हे औषध फक्त शिरेतून जातं. पाठीच्या मणक्यातून गेलं तर रुग्ण जवळजवळ हमखास दगावतो. ल्युकेमियाच्या मुलांना त्याच सुमारास मेथोट्रेक्सेट मणक्यातून द्यायचं असतं. एकाच ट्रेमध्ये दोन सिरिंज शेजारी आल्या की घात होतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली सांगितलं की व्हिन्क्रिस्टीन सिरिंजमध्ये न भरता छोट्या सलाईनच्या पिशवीत द्या. पिशवी कुणी मणक्याच्या सुईला जोडायला जात नाही. तुझ्या विभागात अजून सिरिंज वापरत असतील तर हा विषय तू बैठकीत काढ. मणक्यातली औषधं वेगळ्या वेळी, वेगळ्या खोलीत, हेही आग्रहाने सांग.

मेथोट्रेक्सेटचं पान तर सबंध वाचल्याशिवाय मिटू नये. संधिवातात आठवड्यातून एकदा काही मिलिग्रॅम, आणि हाडाच्या ऑस्टिओसार्कोमात चौरस मीटरला १२ ग्रॅम. औषध तेच. मोठ्या डोसमागोमाग ठरलेल्या वेळी ल्युकोव्होरिन द्यावंच लागतं, लघवी अल्कली ठेवावी लागते, रक्तातली पातळी मोजत राहावी लागते. छातीत किंवा पोटात पाणी झालेलं असेल तर औषध तिथे साठतं आणि हळूहळू रक्तात परततं. साध्या वेदनाशामक गोळ्या, ॲसिडिटीच्या काही गोळ्या आणि कोट्रायमोक्साझोल त्याला शरीराबाहेर पडू देत नाहीत. रुग्णाच्या उशाशी ठेवलेली औषधांची पिशवी स्वतः उलटी करून बघ. काढे आणि जडीबुटीबद्दलही विचार, पण न रागावता. रागावलीस की पुढच्या वेळी ते लपवतात.

एककाचा उच्चार मोठ्याने कर

मिलिग्रॅम, चौरस मीटरला मिलिग्रॅम, किलोला मिलिग्रॅम, युनिट, एयूसी. आकड्याइतकंच त्याच्या मागचं एकक वाच, आणि त्याच्याही मागे ‘रोज’, ‘आठवड्याला’ की ‘सायकलला’ ते वाच. ऑर्डर लिहिताना तिन्ही गोष्टी लिही: चौरस मीटरचा डोस, त्यावरून निघालेला मिलिग्रॅमचा डोस, आणि कोणत्या तारखेला किती.

शरीराचं क्षेत्रफळ काढायला ड्युबॉइस यांचं १९१६ सालचं सूत्र आहे आणि मोस्टेलर यांचं १९८७ सालचं. दुसरं हाताने करता येतं: सेंटिमीटरमधली उंची गुणिले किलोतलं वजन, भागिले ३६००, आणि त्याचं वर्गमूळ. १५० सेंटिमीटर आणि ५४ किलो असेल तर ८१०० भागिले ३६०० म्हणजे २.२५, वर्गमूळ १.५. डॉक्सोरुबिसिन चौरस मीटरला ६० असेल तर ९० मिलिग्रॅम. संगणक उत्तर देतोच, पण तू असा अंदाज आधी मनात धरलास तर संगणकात वजन चुकीचं टाकलं गेलं तरी लगेच खटकेल.

वजन दर सायकलला, आपल्या काट्यावर, चप्पल काढून. मागच्या कागदावरचं उतरवून घ्यायचं नाही. तीन आठवड्यांत माणूस पाच किलोंनी उतरलेला असू शकतो.

पूर्ण आकड्यामागे दशांश आणि शून्य कधी लिहायचं नाही, ५.० मधला टिंब पुसट झाला की ५० होतात. एकापेक्षा लहान आकड्याआधी मात्र शून्य हवंच. आणि आपल्या भागासाठी खास: मराठी १ घाईत लिहिला की इंग्रजी नऊसारखा दिसतो. ऑर्डर शीटवर एकाच लिपीतले अंक वापर. घरी घ्यायच्या कॅपेसिटाबिनच्या गोळ्यांची चिठ्ठी लिहिताना तर अंकाबरोबर अक्षरीही लिही: सकाळी जेवणानंतर तीन, रात्री जेवणानंतर तीन, चौदा दिवस, मग सात दिवस बंद. रुग्णाकडून ते परत म्हणवून घे.

मिळत्याजुळत्या नावांपाशी थांब

सिस्प्लॅटिन आणि कार्बोप्लॅटिन, व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिन्ब्लास्टीन, पॅक्लिटॅक्सेल आणि डोसिटॅक्सेल. साधं डॉक्सोरुबिसिन आणि लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन. ट्रास्टुझुमॅब आणि ट्रास्टुझुमॅब एम्टान्सिन, ज्यातल्या दुसऱ्याला केमोचं औषध जोडलेलं असतं आणि ज्याचा डोस पुष्कळ कमी असतो. कार्बोप्लॅटिनचे ४०० मिलिग्रॅम नेहमीचेच. सिस्प्लॅटिनचे ४०० दिसले तर हातातलं सगळं खाली ठेव. सिस्प्लॅटिन एका सायकलला चौरस मीटरमागे १०० मिलिग्रॅमच्या वर दिसलं की फोन उचलायचा, हा नियमच समज.

बाजारात एका औषधाचे ढीगभर ब्रँड आहेत. पुस्तकाची सूची मूळ नावावर चालते, म्हणून तूही मूळ नावच लिही, बोल आणि वायलवर तेच वाच.

सलाईनची बाटली हासुद्धा औषधाचा भाग आहे

ऑक्झॅलिप्लॅटिन फक्त ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये. सलाईनमध्ये ते बिघडतं. सिस्प्लॅटिनचं बरोबर उलट, त्याला सलाईनच लागतं, आणि फ्रिजमध्ये ठेवलं तर खडे धरतात. पॅक्लिटॅक्सेलला साधी पीव्हीसीची नळी चालत नाही आणि वाटेत बारीक फिल्टर लागतो. एटोपोसाइड फार दाट केलं तर बाटलीतच साका बसतो. हे सगळं डॉक्टरांनी वाचायचं नसतं असा एक समज आहे. तो सोडून दे. औषध चढवणाऱ्या सिस्टरांशेजारी एक सकाळ उभं राहून बघ, मग पुस्तकातल्या त्या ओळींना अर्थ येईल.

संकटाचं पान आधीच वाचून ठेव

औषध शिरेबाहेर सांडलं की पुस्तक शोधायला वेळ नसतो. डॉक्सोरुबिसिन सांडलं तर थंड शेक. व्हिन्क्रिस्टीन सांडलं तर गरम शेक. दोन्ही उलट, आणि घाबरलेल्या माणसाच्या हातून नेमकी अदलाबदल होते. डॉक्सोरुबिसिनसाठी डेक्सराझोक्सेन वापरायचं तर ते पहिल्या सहा तासांत सुरू व्हावं लागतं. हा तक्ता मोठ्या अक्षरांत डे-केअरच्या भिंतीवर लावून घे आणि किट कुठल्या कपाटात आहे ते नव्या प्रत्येकाला दाखव.

तापाचंही तसंच. एकदा ३८.३ सेल्सिअस किंवा तासभर ३८ च्या वर, आणि न्यूट्रोफिल ५०० च्या खाली असतील किंवा जाण्याची शक्यता असेल, तर तासाभरात अँटिबायोटिक गेलं पाहिजे. काउंटच्या रिपोर्टची वाट बघत बसायचं नाही. रुग्ण ‘ताप’ म्हणत नाही. ‘अंग कसकसतंय’, ‘आतून थंडी वाजतेय’ म्हणतो. फोनवर हे शब्द ऐकले की लगेच बोलावून घे.

अपायांची प्रत मोजायला सीटीसीएई आहे. तिची पाचवी आवृत्ती २०१७ ची. जुलाब रोजच्यापेक्षा सात किंवा अधिक वेळा वाढले की ती तिसरी प्रत. ‘पोट बिघडलंय’ एवढ्यावर तुझी नोंद थांबली तर पुढचा डॉक्टर आंधळा होतो. किती वेळा, रात्री उठावं लागलं का, तोंड कोरडं पडलंय का, हे विचार आणि आकडा लिही. इरिनोटेकॅनमध्ये पहिल्या दिवसाचे जुलाब आणि त्यानंतरचे जुलाब यांचे उपाय वेगळे असतात: आधीच्यांना ॲट्रोपिन, नंतरच्यांना लोपेरामाइड.

आणि पुस्तकात अपायाच्या यादीत जे एका ओळीत असतं, ते रुग्णाला आधी सांग. डॉक्सोरुबिसिननंतर लघवी लालसर होते. सांगितलं नाहीस तर त्या घरात रात्रभर कुणी झोपणार नाही. ऑक्झॅलिप्लॅटिननंतर काही दिवस फ्रिजमधलं पाणी नको, फ्रिजमध्ये हातही घालायचा नाही.

पुस्तकातला रुग्ण आणि समोरचा रुग्ण

पुस्तकातले डोस ज्या चाचण्यांतून आले, त्यांत हिंडते-फिरते, रक्त बरं असलेले रुग्ण निवडलेले असतात. तुझ्यासमोर येईल ती विदर्भातल्या खेड्यातून दोन एसट्या बदलून आलेली, हिमोग्लोबिन सात असलेली बाई. डोस कमी करावा लागेल, कधी आधी फक्त ताकद भरून आणावी लागेल. तो निर्णय वरिष्ठांबरोबर घे, पण किती टक्के कमी केला आणि का, हे फाईलवर लिही. कारण न लिहिलेला कमी डोस पुढच्या सायकलला कुणीतरी चूक समजून ‘दुरुस्त’ करतो.

जुन्या फायली माग. प्लास्टिकच्या पिशवीतले ते सगळे कागद वाच. डॉक्सोरुबिसिनची आयुष्यभराची मर्यादा चौरस मीटरला ४५० ते ५५० मिलिग्रॅमच्या दरम्यान धरतात. त्यापुढे हृदय धोक्यात येतं. रुग्णाने तीन गावांत उपचार घेतले असतील तर ती बेरीज तुलाच करायची आहे. फाईलच्या पहिल्या पानावर ती लिहून ठेव आणि प्रत्येक सायकलला पुढे वाढव.

मोबाइल वापर, फॉरवर्ड वापरू नकोस

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाच्या कर्करोग संस्थेची औषध-पुस्तिका आणि प्रोटोकॉल इंटरनेटवर फुकट वाचता येतात, आणि कोणत्या तारखेला सुधारले तेही त्यावर असतं. जरूर वापर. पण व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर आलेला तक्त्याचा फोटो म्हणजे संदर्भ नव्हे. त्यावर ना साल, ना लेखक, ना कुठल्या रुग्णांसाठी आहे याची ओळ.

हिशेब दोघांनी, वेगवेगळा

एकाने काढलेला डोस दुसऱ्याने नुसता बघून मान डोलावली तर ती तपासणी नाही. दुसऱ्याने उंची-वजनापासून स्वतः सुरुवात करून आकडा काढायचा आणि मगच दोन्ही जुळवायचे. सिस्टरांनी किंवा फार्मसीतल्या मुलाने शंका काढली तर आवाज चढवू नकोस. त्यांच्यासमोर पान उघड, बोट ठेवून एकत्र वाचा, आणि शंका खोटी ठरली तरी आभार मान. एकदा तुझ्या धाकाने ते गप्प बसले की पुढच्या खऱ्या चुकीच्या वेळीही गप्पच बसतील.

पुस्तक, प्रोटोकॉल आणि मन या तिघांचं जुळलं नाही तर त्या दिवशी औषध सोडू नकोस. रुग्णाला खरं कारण सांग, वरिष्ठांना फोन कर, गरज पडली तर दुसऱ्या दिवशी बोलाव. एक दिवस उशिरा गेलेल्या केमोने बहुतेक वेळा काही बिघडत नाही. चुकीची गेलेली कुणालाही परत काढता येत नाही.